जावयाचं सर्वेक्षण

मी संख्याशास्त्र शिकवतो. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, बारा वर्षं, तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे मिळतात. गॅदरिंगला खुर्च्या मोजून घेणं, प्राचार्यांच्या पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, हे सगळं हौसेखाली जमा होतं. कॉलेज बंद झालं की पैसेही बंद. म्हणजे दर मे महिन्यात आणि दर दिवाळीत मी बेकार असतो. पण हा शब्द मी स्वतःबद्दल कधी वापरला नाही. राजारामपुरीतल्या भाड्याच्या घरावर 'प्रा.' लिहिलेली पाटी आहे आणि हुपरीला, सासुरवाडीत, मी प्रोफेसर जावई आहे.

माझ्या पीएच.डी.चा विषय महागाई आणि बेरोजगारी यांचं नातं हा होता. पुस्तकात हे नातं अगदी सोपं असतं. बेकारी कमी झाली की कामाच्या माणसांना भाव येतो, मजुरी वाढते, पाठोपाठ बाजारातल्या किमती चढतात. बेकारी वाढली की किमती जरा दमानं घेतात. कागदावर मांडलं तर एक उतरती रेषा निघते. जगभरच्या पंडितांनी ही रेषा आपापल्या देशात काढून पाहिली. कुठे ती उतरली, कुठे आडवी पडली, कुठे उलटीच उभी राहिली, आणि त्यावर त्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. मला ती आमच्या जिल्ह्यातल्या काही घरांत कशी दिसते ते पाहायचं होतं.

किमतींचे आकडे सरकार छापतं, ते आयते मिळतात. एखाद्या गल्लीतल्या बेकारीचे आकडे मात्र कुणी छापत नाही. ते दारोदार फिरून गोळा करावे लागतात. मी गडहिंग्लजमध्ये, गारगोटीत, कोल्हापुरातल्या दोन पेठांत आणि हुपरीत काही घरं धरली आणि तीन वर्षं, दर सुट्टीत, त्याच घरांत जाऊन तेच प्रश्न विचारले. गेल्या सात दिवसांत काही काम केलं का? केलं नसेल तर शोधलं का? मिळालं असतं तर केलं असतं का? ज्यानं काम केलं नाही पण शोधलं, तो बेकार. ज्यानं केलंही नाही आणि शोधलंही नाही, तो बेकारांतही नाही आणि कामकऱ्यांतही नाही. त्याला आम्ही मोजतच नाही.

नमुना कसा निवडावा यावर मी दरवर्षी मुलांचं महिनाभर डोकं खातो. चिठ्ठ्या टाका, सोय बघू नका, ओळखीच्या घरी जाऊ नका. हुपरीतली गल्ली मी कशी निवडली? तिथं दुपारी जेवण मिळायचं आणि कुणी दार लावून घेत नव्हतं. सगळी गल्ली मला ओळखायची. 'या की पावणं' म्हणून प्रत्येक घरात पाट मांडलेला असायचा. इतर गावांत मला विमा एजंट समजून कुत्री सोडली गेली होती, त्यामुळे हुपरीचे फॉर्म भरताना मला फार बरं वाटायचं.

हुपरी चांदीच्या पैंजणांचं गाव. घराघरांत काही ना काही चाललेलं असतं, कुठे चांदी ओतणं, कुठे पॉलिश. माझ्या सासऱ्यांचं पॉलिशचं काम. फॉर्म भरताना प्रश्नांची उत्तरं पुरुषच द्यायचे. स्वतःबद्दल म्हणायचे, "काम चालू हाय." बायकोबद्दल विचारलं की म्हणायचे, "ती काय करतीय? घरातच असती की." मी आतल्या दाराकडे बघायचो. दारात पदर सावरून उभी असलेली बाई मान हलवायची आणि चहा आणायला वळायची. माझ्या सासूबाईंनीही तशीच मान हलवली होती. मी त्यांना मामी म्हणतो. मामींच्या नावापुढं मी 'घरकाम' असं लिहिलं.

तीन वर्षांत किमती दोनदा उसळल्या, एकदा बसल्या. गडहिंग्लजमध्ये बेकारी थोडी हलली, गारगोटीत हलली, पेठांत चांगलीच हलली. हुपरीच्या त्या गल्लीत ती प्रत्येक वेळी शून्य. बायका मोजण्यातच नव्हत्या आणि पुरुषांच्या हाताला काम होतं. मॉडेलमध्ये हुपरीची रेषा जमिनीवर झोपल्यासारखी सरळ आली. माझ्या गाईड मॅडम खूश झाल्या. "हे वेगळं प्रकरण करा," म्हणाल्या. "घरगुती उद्योग महागाईचा धक्का कसा पचवतात, हा तुमचा खरा शोध आहे." मी प्रकरण लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं: 'घरगुती उद्योगाच्या उंबरठ्याच्या आत बेरोजगारीला प्रवेश नाही.' बायको कांदा चिरत होती. तिनं "हं" म्हटलं.

आता यात माझं काय अडकलं होतं ते सांगितलं पाहिजे. आमच्याच विभागात कायम नोकरीची एक जागा निघाली होती. एकच जागा, आणि तीही इतक्या वर्षांनी. माझं वय पाहता पुन्हा अशी जागा निघेल तेव्हा मी मुलाखतीला काठी टेकत जाईन अशी चिन्हं होती. पीएच.डी.शिवाय अर्ज विचारात घेणार नव्हते. माझ्या नोंदणीची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती, मुलाखती एप्रिलमध्ये होत्या. प्रबंध वेळेत दिला की तोंडी परीक्षा मार्चमध्ये उरकून घेऊ असं मॅडमनी कबूल केलं होतं. सगळं जुळून आलं होतं. बायकोनं मुलाखतीसाठी मला एक आकाशी शर्ट शिवून घ्यायला लावला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हुपरीजवळच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो. मुलं कमी होती, दुपारी एकला काम आटोपलं. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून विचार केला, मामींकडे डोकावून जावं. एरवी मी हुपरीला निघालो की बायको आधी आईला फोन करते. बस किती वाजता सुटली, कुठवर आली असेल, सगळं कळवते. त्या दिवशी तिला मी तिकडे वळतोय हे ठाऊकच नव्हतं आणि माझा फोन बंद पडला होता. अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच न कळवता त्या घरात शिरलो.

दार सताड उघडं होतं. बाहेरच्या खोलीत चटईवर पाच बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर स्टीलचं ताट, ताटात चांदीच्या बारीक कड्यांचा ढीग. हातातल्या चिमट्यानं त्या एका कडीत दुसरी कडी अडकवत होत्या, बघता बघता साखळी लांबत होती. कुणी मान वर करत नव्हतं. मधोमध मामी होत्या, डोळ्यांवर मी कधी न पाहिलेला जाड भिंगाचा चष्मा.

"अगं बया, पावणं!" मामी ओरडल्या.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. ताटं पलंगाखाली गेली, चटई गुंडाळली गेली, चष्मा कुठेतरी गडप झाला. त्या पलंगावर कायम जमिनीला टेकेल असा पलंगपोस असतो. मला वाटायचं, मामींना लांब पलंगपोस आवडतात.

बाकीच्या बायका पदर घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीला मी ओळखलं. तिसऱ्या घरातली. तिच्या नवऱ्यानं तीन वर्षं मला सांगितलं होतं की ती काही करत नाही. मी तिला विचारलं, "वहिनी, हे काम रोज करता?"

तिनं मामींकडे बघितलं. मामींनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग ती हसून म्हणाली, "लगीन हून आल्यापास्नं करतोय की. धा वाजता बसायचं, सांजंला उटायचं. पर आता कुटलं रोज? चांदी लई वाढल्या. चांदीवाला मालक वजन करून कडी देतोय, ती बी मूठभर. गेल्या महिन्याभरात चारच दिस काम मिळालं."

"आणि मी फॉर्म घेऊन यायचो तेव्हा?"

"तवा कुटलं काम? तुमी यायच्या आदीच्या सोमवारीच मामींचा निरोप यायचा. पंधरा-पंधरा दिस ताटाला हात लावला न्हाई. मालक किती वरडायचा!"

मी पलंगावर बसलो. खाली पाच ताटं आहेत हे आता मला माहीत होतं, त्यामुळे नीट बसवेना. मी मामींना विचारलं, "असं का केलंत?"

"जावयाम्होरं काम करत बसायचं व्हय?" मामी म्हणाल्या. "च्या ठेवू का सरबत?"

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला टेकून बसलो आणि डोक्यात गणित चालू केलं. मी विचारत होतो गेल्या सात दिवसांबद्दल, आणि ते सात दिवस त्या गल्लीत काम बंद असायचं, कारण मी यायचो. म्हणजे पुरुष खोटं बोलत नव्हते. माझ्या सर्वेक्षणाच्या आठवड्यात त्या बायका खरोखरच घरात बसून असायच्या. एरवीच्या आठवड्यांत त्या कामावर होत्या आणि चांदी महागली की त्यांचं काम जायचं. महागाई आणि बेकारीचं नातं शोधायला मी तीन वर्षं जिल्हाभर हिंडलो. ते नातं मी टेकून बसायचो त्या पलंगाखाली होतं. माझी सरळ झोपलेली रेषा मीच झोपवली होती. हसू यायला हवं होतं. मला भयंकर राग आला होता.

घरी आल्यावर मी तो राग बायकोवर काढला. फॉर्ममधली सगळी माहिती संगणकात तिनंच भरली होती, रोज दुपारी, माझ्यावर उपकार म्हणून. मी विचारलं, "तुझ्या आईच्या नावापुढं घरकाम कुणी टाइप केलं?"

"मीच."

"ती काय काम करते ते तुला माहीत नव्हतं?"

"मी त्या घरात वाढलेय. माझी बी.कॉम.ची फी त्या ताटातनंच आलीय."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलीस? मी उंबरठ्याचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा तरी बोलायचंस."

तिनं हातातलं काम ठेवलं. "आपल्या घराचा फॉर्म तुम्ही पहिल्यांदा भरला होता, नमुना म्हणून. तुमच्या नावापुढं काय लिहिलं होतं आठवतंय?"

मला आठवत होतं. 'नियमित पगारी.'

"तो मे महिना होता," ती म्हणाली. "ते पण मी तसंच टाइप केलं. तुम्ही लिहिलं ते भरलं. एकाचं खोडायचं आणि एकाचं ठेवायचं असं मला जमलं नसतं."

मी चप्पल घालून बाहेर पडलो आणि उगाच तीन गल्ल्या फिरून आलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नाहीत, हे मुद्दाम लिहितो. त्यांच्या हाताखालून बरेच प्रबंध गेले आहेत आणि प्रत्येकात कुठे ना कुठे पाणी मुरलेलं असतं हे त्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, "शेवटच्या प्रकरणात मर्यादा म्हणून दोन ओळी घाला. काही महिलांच्या कामाची नोंद सामाजिक कारणांमुळे होऊ शकली नाही. परीक्षकांना ते आवडतं. पंधरा दिवस राहिलेत. नंतर पोस्ट मिळाल्यावर याच विषयावर स्वतंत्र पेपर लिहा, हवा तितका खरा."

सल्ला चांगला होता. मी त्या दोन ओळी लिहिल्या. तीनदा लिहून बघितल्या. प्रत्येक वेळी वाक्य अधिक सुबक झालं. 'सामाजिक कारणांमुळे' या शब्दांत काय वाट्टेल ते मावतं, त्यात मी पण मावत होतो, माझं नाव न घेता.

प्रबंधाचे कागद छापून मी बाइंडिंगवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं छापण्याची सोय आहे, त्यामुळे फेब्रुवारीत त्याच्या दुकानात आमच्यासारख्यांची रांग असते. माझा नंबर आला. त्यानं विचारलं, "किती प्रती, सर?" मी गठ्ठा त्याच्यापुढं ठेवला, आणि परत उचलला.

मी काही मोठा सत्यवादी नाही. त्या क्षणी मनात काय होतं ते आठवून सांगायचं तर सत्य वगैरे काही नव्हतं. राग होता. मुलांना शिकवताना मी म्हणतो की चुकीच्या माहितीवर बसवलेलं मॉडेल म्हणजे निव्वळ थाप, आणि पाच बायकांनी एक पलंगपोस ओढून मला, मला, थाप मारायला लावली होती. ती थाप सोनेरी अक्षरांत छापून कपाटात ठेवायची कल्पना मला सहन झाली नाही. शिवाय उद्या कुणी ते प्रकरण वाचून म्हणालं असतं की हुपरीच्या बायकांना मदतीची गरज नाही, तिथं बेकारी शिरतच नाही, तर त्याला मी कोणत्या तोंडानं अडवणार होतो? पण खरं सांगतो, हे दुसरं कारण मला घरी पोचल्यावर सुचलं.

मुदतवाढीचा अर्ज केला. सहा महिने मिळाले. कायम नोकरीच्या जागेसाठी मी अपात्र ठरलो. ती जागा माझ्याच एका विद्यार्थिनीला मिळाली. ती हुशार आहे, माझ्यापेक्षा नीट शिकवेल. पेढे द्यायला आली तेव्हा माझ्या पाया पडली आणि मी तिला तोंडभरून आशीर्वाद दिला. ती गेल्यावर पेढ्याचा बॉक्स दोन दिवस टीपॉयवर तसाच होता.

मला वाटलं होतं, बायको म्हणेल, बरं केलंत. कथाकादंबऱ्यांत तसं होतं. ती तसं म्हणाली नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, "फॉर्म तुम्ही चुकीचे भरले, मी टाइप केले, आईनं ताटं लपवली. आणि पोस्ट आपलीच गेली." आकाशी शर्ट तिनं कपाटात वर ठेवला. आठवडाभर आम्ही भाजी काय आणायची एवढंच बोललो.

मे महिना आला. कॉलेज बंद झालं. मी नवे फॉर्म छापून घेतले. या वेळी प्रश्न बदलले होते: बायकांना स्वतःला विचारायचं, पुरुषांसमोर विचारायचं नाही, कामाचं नाव घेऊन विचारायचं, आणि फक्त गेल्या सात दिवसांचं नव्हे, तर वर्षभरातलं. बायकोला बजावलं होतं की आईला फोन करायचा नाही. तिनं केला नसावा, पण मी स्टँडवर उतरून गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तीन जणांनी "कवा आलासा, पावणं?" असं विचारलं. तेवढं पुरेसं होतं.

पहिल्या घरात पाट, पोहे आणि चहा. "वहिनी, कड्यांचं काम करता ना?"

"छ्या! घरातच असतोय की."

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात, जिनं मला फेब्रुवारीत सगळं सांगितलं होतं तीच वहिनी, माझ्या डोळ्याला डोळा न देता म्हणाली, "आता काय न्हाई वो. बसून असतोय." मी तिला म्हणालो, मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. ती हसली आणि आणखी पोहे वाढले. पोह्यांवर पोहे खाऊन माझं पोट फुटायची वेळ आली आणि फॉर्म कोरेच राहिले. या गल्लीत मी काहीही झालो तरी संशोधक होणार नव्हतो, जावईच राहणार होतो.

चौथ्या घरी न जाता मी सासुरवाडीत आलो. सासरे पॉलिशला गेले होते. मामी खाली बसून तांदूळ निवडत होत्या. मी पलंगावर बसलो नाही, त्यांच्यासमोर फरशीवर बसलो. मामींनी दचकून सुपाला धरलं. जावयानं फरशीवर बसणं त्या घरात झालेलं नव्हतं.

मी वाटेत ठरवून आलो होतो. त्या सगळ्या जणी कमीपणा वाटून काम लपवतात असं मी धरून चाललो होतो. प्रोफेसर जावयाची सासू मजुरीनं कड्या जोडते, लोक काय म्हणतील, असं काहीतरी. तर मग आपणच त्या पायरीवरून खाली उतरावं, म्हणजे त्यांना बोलायला मोकळं वाटेल. पद्धत म्हणून ती बरोबर होती.

"मामी," मी म्हणालो, "एक सांगतो. मी कायम प्रोफेसर नाही. कधीच नव्हतो. मी तासावर शिकवतो. सुट्टी लागली की मला पगार नसतो. आत्ताही नाही. दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात मी रिकामा असतो. कायमची जागा मिळायची होती, तीही गेली. इतकी वर्षं मी तुमच्यापासून हे लपवलं. तेव्हा माझ्यासमोर तुम्ही कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. तुम्ही माझ्यापेक्षा कामाच्या आहात."

मामी तांदळातून बोट फिरवत राहिल्या. एक खडा काढला, बाजूला ठेवला.

"लपिवलं कुटं?" त्या म्हणाल्या. "आमाला म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"हेच. तासावर हायसा त्ये. लगीन ठरायच्या आदी ह्येंनी कॉलेजात जाऊन चौकशी केलती. तितल्या शिपायानं सगळं सांगितलंतं. पगार किती, कवा मिळतो, कवा मिळत न्हाई. ह्ये म्हनलं, पोरगं गुणाचं हाय, नोकरी काय, हुईल आज ना उद्या. म्हनून पोरगी दिली."

मी विचारलं, "तिला माहीत आहे? तुम्हाला ठाऊक होतं ते?"

"तिला कशाला सांगू? नवऱ्याचं झाकल्यालं तिनं आमच्यापास्नं झाकलं, तिच्या मनाला तेवडं बरं वाटलं."

"मग ताटं पलंगाखाली का घालायचा?"

मामींनी सूप बाजूला केलं. आवाज न चढवता बोलणं त्यांना जमत नाही, पण त्या दिवशी त्या हळू बोलल्या. "तुमी येतासा ते सुट्टीत. तवा तुमच्या हाताला काम नसतंय. तोंड उतरल्यालं असतंय, आमाला दिसतंय की. त्यात आमी पाच बायका तुमच्याम्होरं खटाखटा काम करत बसायचं? जावयाच्या जिवाला कसं वाटंल? म्हनून मीच सगळ्यास्नी सांगितलंतं. पावणं हाईत तवर कुनी कडीला हात लावायचा न्हाई."

"सगळ्या गल्लीला?"

"व्हय. मोजक्या दिसांचा तर परश्न."

मी चष्मा काढला. मला रडू येत होतं आणि मी ते थांबवलं नाही. अकरा वर्षं, दर दिवाळी, दर मे महिना. मालकाची बोलणी खाऊन, हातातली मजुरी सोडून, त्या बायका मी जाईपर्यंत रिकाम्या बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या दारात उभा राहून त्यांनाच विचारत होतो की काम केलं का, नसेल तर का नाही शोधलं. माझं सुबक मॉडेल, त्यातलं ते शून्य, तो उंबरठा, हे सगळं त्यांनी मला राखलं होतं.

"मामी, आता नका लपवू," मी म्हणालो. "उद्या मी दहाला येतो. तुम्ही सगळ्या कामाला बसा. मी बघतो आणि लिहितो. मला काही वाटणार नाही."

मामींनी हात लांब करून पलंगपोस वर उचलला. खाली फरशी होती, स्वच्छ झाडलेली.

"लपवायला ऱ्हायलंय काय?" त्या म्हणाल्या. "चांदी इतकी वर गेली की मालकानं दीड महिनं झालं एक कडी दिली न्हाई. रोज जाऊन इचारतोय, न्हाई म्हनतोय. सकाळपास्नं गल्लीत तुमास्नी सगळ्या खरंच सांगाय लागल्यात." त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. "आवंदा तुमी बी रिकामं, आमी बी रिकामं. लिवा."

मी पेन काढलं आणि मामींच्या नावापुढं लिहिलं: कारागीर. सध्या बेकार. मग दुसरा फॉर्म घेतला आणि त्यावर माझं नाव घातलं.